मुलीला फिजिओथेरपीसाठी खाजगी विद्यापीठात घालावं का?

डोंबिवली_पूर्व | ७ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय.

लेक यंदा बारावी झाली. नीटला तीनशेच्या आसपास गुण आहेत, त्यामुळे एमबीबीएसचा विषय संपला. पुन्हा वर्षभर क्लास लावायची तिची तयारी नाही आणि खरं सांगायचं तर आमचीही नाही. तिला फिजिओथेरपी करायचंय. आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी ज्या मॅडम यायच्या, त्यांना बघून तिच्या डोक्यात ते बसलंय.

गेल्या आठवड्यात नवी मुंबईतल्या एका खाजगी विद्यापीठात जाऊन आलो. काचेची इमारत, एसी लायब्ररी, खाली कॉफीचं दुकान. फी वर्षाला साडेतीन लाख. शिवाय परीक्षा, गणवेश, 'इतर'. समुपदेशक बाई म्हणाल्या, फिजिओ नको असेल तर ऑप्टोमेट्री, डायलिसिस, कार्डियाक केअर, रेडिओलॉजी, सगळ्यांत बीएस्सी आहे. आणि शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरून जागा धरून ठेवा, कारण फक्त तीनच उरल्यात.

यजमान खाजगी कंपनीत आहेत, धाकटा आठवीत आहे. एवढे पैसे घालावेत का? पुढे नोकरी कशी असते? आणि डोंबिवलीहून रोज जाणं झेपेल का? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

चाळीतला_चार्वाक | ७ सप्टेंबर, रात्री १०:३१

तीनच जागा उरल्यात हे वाक्य मी गेली काही वर्षं प्रत्येक भाचरासाठी ऐकतोय. त्या तीन जागा बहुधा कायमस्वरूपी पदं असावीत.

लेखनिक | ७ सप्टेंबर, रात्री १०:४०

पन्नास हजार भरू नका. आधी एक सांगा, राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, नोंदणी केली होती का?

डोंबिवली_पूर्व | ७ सप्टेंबर, रात्री १०:५५

हो, नीटच्या निकालानंतर यजमानांनी भरली होती. पण यादीत नाव लागलं नाही.

लेखनिक | ७ सप्टेंबर, रात्री ११:०८

ती यादी एमबीबीएस-बीडीएसची. महाराष्ट्रात फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच-ऑडिओलॉजी यांचे प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतात, पण त्यांचा गट वेगळा, पसंतीक्रम वेगळा भरायचा आणि यादीही वेगळी लागते. नोंदणी झालेली असेल तर उद्या सकाळी पहिल्यांदा लॉगिन करून त्या गटाचं वेळापत्रक बघा. पसंतीक्रमाची खिडकी उघडी असताना धरून ठेवलेल्या जागेचे पन्नास हजार कशाला?

सविस्तर उद्या लिहितो, आत्ता घरचे लाइट बंद करायला सांगतायत.

मणका_मॅडम | ८ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट, ठाण्यात प्रॅक्टिस. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खाजगी कॉलेजातून शिकले. म्हणजे खाजगीच, पण खाजगी विद्यापीठ नव्हे. हा फरक आधी समजून घ्या. संलग्न कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, प्रवेश कॅपमधून होतात, परीक्षा नाशिक घेतं. अभिमत (डीम्ड) किंवा खाजगी विद्यापीठात फी, परीक्षा, पदवी सगळं त्यांचंच. ते वाईटच असतं असं नाही, पण तक्रार घेऊन जायला दुसरं दार राहत नाही.

आता खरा मुद्दा. आमचा अभ्यासक्रम हाताने शिकायचा आहे. पक्षाघात झालेला माणूस पलंगावरून खुर्चीत कसा आणायचा, हे पुस्तकात दोन पानांत आहे आणि करायला गेलं की पहिल्यांदा घाम फुटतो. म्हणून कॉलेजला गेलात की लायब्ररी बघू नका, ओपीडी बघा. सकाळी दहाला जा आणि बाकावर तासभर बसा. न्यूरो, अस्थिरोग, बालरोग, आयसीयू असं सगळीकडे पोस्टिंग मिळतं का, आणि एका पेशंटमागे किती विद्यार्थी उभे असतात, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना जिन्यात गाठून विचारा. ऑफिसात विचारू नका. महागड्या रुग्णालयांत पेशंट म्हणतात, "शिकाऊ नको, मोठ्या मॅडमना बोलवा." मग विद्यार्थिनी चार वर्षं बघतच राहते.

पैशांचं स्पष्ट सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत वीस हजारांच्या आत हातात यायचे. अजूनही नव्या मुलींना भेटते तेव्हा आकडा फार पुढे सरकलेला वाटत नाही. घरी जाऊन व्हिजिट केल्या की बरे पैसे मिळतात, पण त्यासाठी ओळखी लागतात आणि स्कूटर लागते. वर्षाला साडेतीन लाख कर्ज काढून भरणार असाल तर हप्ता आणि पहिला पगार शेजारी शेजारी लिहून बघा.

घणसोलीकर | ८ सप्टेंबर, सकाळी ९:०५

मणकाताईंशी थोडी असहमती. मुलगा अभिमत विद्यापीठातच फिजिओ झाला. इथे सरकारी म्हणजे सोनं आणि खाजगी म्हणजे लूट असं चित्र रंगायला लागलंय म्हणून लिहितोय.

नवी मुंबईतल्या मोठ्या शिक्षण रुग्णालयांत पेशंट नसतात हे ज्यांनी बघितलं नाही त्यांनी लिहू नये. केसपेपर स्वस्त असतो, उरण, पनवेल, कर्जतकडून माणसं येतात. मुलाला मणक्याच्या दुखापतीचे, सेरेब्रल पाल्सीचे पेशंट भरपूर मिळाले. परीक्षा वेळेवर, निकाल वेळेवर, उपकरणं चालू स्थितीत. त्याचा शाळासोबती संलग्न कॉलेजात होता, तिथे अर्धी यंत्रं तपासणीच्या दिवशीच प्लगला लागायची.

फी जास्त आहे, ते मान्य. पण आमच्या घरी एकच मूल आणि घणसोलीहून शेअर रिक्षाचं अंतर. प्रत्येकाचं गणित निराळं.

चाळीतला_चार्वाक | ८ सप्टेंबर, सकाळी ९:२२

एकच मूल, शेअर रिक्षा आणि नवी मुंबईत घर. काका, तुम्ही सल्ला देताय की जळवताय?

घणसोलीकर | ८ सप्टेंबर, सकाळी ९:३०

घर बापाच्या जमिनीवरचं आहे. सिडकोला विचार जमीन कशी गेली ते, मग जळ.

लेखनिक | ८ सप्टेंबर, दुपारी १:१५

कबूल केल्याप्रमाणे. हा भाग मुलींच्या आईवडिलांनी नीट वाचावा.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी पन्नास टक्के होतं, ते शंभर केलं. खुल्या वर्गातली मुलगीही उत्पन्नाच्या अटीवर यात बसते. खाजगी विनाअनुदानित कॉलेज चालतं. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं मात्र चालत नाहीत. संस्थास्तरावरचा, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेशही नाही.

म्हणजे तुमचं उत्पन्न आठच्या आत असेल तर निवड साडेतीन लाख की थोडी कमी फी अशी नाहीच. एकीकडे साडेतीन लाख आहेत आणि दुसरीकडे शिक्षण शुल्क शून्य, फक्त डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ खर्च. समुपदेशक बाई हे सांगणार नाहीत, त्यांचा पगार त्यासाठी नसतो.

कर्जाबद्दलही थोडं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही, त्याहून जास्त असेल तर बँक घराचे कागद मागते. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. व्याजाची आयकर सवलत आठ वर्षं मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच. नवी घेतली असेल तर विसरा.

डोंबिवली_पूर्व | ८ सप्टेंबर, दुपारी २:४०

लेखनिक, तुमचे उपकार कसे फेडू! उत्पन्न आठच्या आतच आहे. लॉगिन केलं, त्या गटाचा पसंतीक्रम अजून भरता येतोय. कॉलेजं कुठली लिहायची ते आता कळत नाहीये.

मणका_मॅडम | ८ सप्टेंबर, दुपारी ३:०२

वर केईएम, सायन, नायर लिहून टाका, गुण पुरोत न पुरोत. पसंतीक्रम लिहायला पैसे पडत नाहीत. केईएमचं फिजिओ स्कूल १९५३ चं आहे, देशातलं पहिलं. पोलिओच्या साथीनंतर सुरू झालं. त्यानंतर ठाणे-मुंबई-नवी मुंबईतली संलग्न कॉलेजं, स्वतःचं रुग्णालय असलेली आधी.

नाना_नेरूळ | ८ सप्टेंबर, दुपारी ४:१०

ताई, आमच्या चिरंजीवांचं एमबीबीएस याच परिसरात चालू आहे. फीचा आकडा लिहीत नाही, सौ. हा धागा वाचते. वर्षाला वीस लाखांच्या वर एवढंच समजा. तुमचे साडेतीन ऐकून मला गारवा वाटला.

निवृत्त_सिस्टर | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

सगळे फिजिओवर बोलतायत, नर्सिंगचं नाव कुणी काढलं नाही. सवयच आहे. मी पालिकेच्या रुग्णालयात आयुष्य काढलं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा विद्यावेतन मिळायचं, राहायला क्वार्टर्स होती, आणि वडिलांनी एक रुपया भरला नाही.

आता बीएस्सी नर्सिंगला वेगळी सीईटी असते, चार वर्षं शिक्षण. खाजगी नर्सिंग कॉलेजात मुलीला घालताना एकच विचारा, रुग्णालय कुणाचं आणि किती खाटांचं. कागदावर रुग्णालय दाखवून मुलींना दोन तासांवर एसटीने ड्युटीला पाठवणारी कॉलेजं मी बघितली आहेत. आणि विद्यार्थिनी म्हणून रात्रपाळीला फुकटचे हात वापरणारी पण. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल दोन्हींची मान्यता तपासायची. नोंदणी नसेल तर ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावायचं, बाकी उपयोग नाही.

परदेशाची वाट आज जेवढी नर्सला उघडी आहे तेवढी कुणाला नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेस आहेत. माझी भाची काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकतेय, बी२ पातळी लागते म्हणे. ड्युटी करून क्लासला जाते, लोकलमध्ये क्रियापदं पाठ करते, समोरच्या बायका घाबरून सरकतात.

मुलुंडचा_मन्या | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०४

सिस्टर, शेवटच्या वाक्याला कडक सलाम. मुलुंडवरून चढताना जागा मिळवायला मी पण जर्मन शिकतो.

टीएलडी_बॅज | ८ सप्टेंबर, रात्री ९:१८

धागाकर्तीने बाकीच्या बीएस्सीबद्दल विचारलंय म्हणून. मी रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट, सीटी-एमआरआयवर.

या सगळ्या कोर्सेसवर आतापर्यंत देशपातळीवर पुरेसा लगाम नव्हता. २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. फिजिओ, ऑप्टोमेट्री, लॅब, रेडिओलॉजी, डायलिसिस, आहारतज्ज्ञ सगळे त्याच्या छत्राखाली येतात. घडी अजून बसतेय. त्यामुळे आज कुणी "आमच्या बीएस्सीला सगळीकडे मान्यता" म्हणालं तर कुणाची, हे लेखी मागा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठ मान्य केलं म्हणजे तुमचा व्यवसाय नोंदवला जाईल असा अर्थ होत नाही. आमच्याकडे तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम वेगळे. क्ष-किरण यंत्र कुणी चालवायचं, गळ्यातला किरणोत्सार मोजणारा बॅज कुणाला, याची पात्रता त्यांच्याकडे ठरलेली असते.

'कार्डियाक केअर' बीएस्सी केलेला एक मुलगा आमच्याकडे ईसीजी काढायला लागला. कॅथलॅबमध्ये, जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते तिथे, डिप्लोमावाल्याला आधी घेतलं, कारण त्याने शिकतानाच शेकडो केसेसना हात लावला होता. खाजगी विद्यापीठाची फी भरून आलेला पोरगा आत सुद्धा गेला नव्हता. त्याचा काय दोष? त्या विद्यापीठाला कॅथलॅबच नव्हती, दुसऱ्या रुग्णालयाशी करार होता आणि तिथे यांना काचेबाहेर उभं करायचे.

ठाण्याची_ठमा | ९ सप्टेंबर, सकाळी ८:३३

माझी मावसबहीण घरबसल्या ऑनलाइन सायकॉलॉजी करणार आहे, हाही आरोग्यक्षेत्रातलाच सोपा मार्ग. लोकलचा त्रासच नको.

लेखनिक | ९ सप्टेंबर, सकाळी ८:५०

थांबवा तिला. यूजीसीने याच वर्षी जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी घातली आहे. मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, अन्न व पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन वगैरे. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसत्या बीएवर ती होत नाही.

ठाण्याची_ठमा | ९ सप्टेंबर, सकाळी ८:५८

बापरे. फोन लावते.

पार्ल्याचा_पेशंट | १० सप्टेंबर, सकाळी १०:१४

बातमी बघितली का? फिजिओंनी नावामागे 'डॉ.' लावू नये असं आरोग्य सेवा महासंचालनालयाने काल पत्र काढलंय. मणकाताई, आता काय म्हणायचं तुम्हाला?

मणका_मॅडम | १० सप्टेंबर, सकाळी १०:४०

तुमचा खांदा जागेवर आला तर काहीही म्हणा. यावर्षीच्या एप्रिलमध्ये, वर टीएलडींनी लिहिलेल्या राष्ट्रीय आयोगाने फिजिओचा नवा अभ्यासक्रम काढला, त्यात पुढे 'डॉ.' आणि मागे 'पीटी' अशी सूचना होती. त्यावरून हे चाललंय. खरं तर त्या अभ्यासक्रमात पालकांनी बघायची गोष्ट दुसरीच आहे, इंटर्नशिप सहा महिन्यांऐवजी वर्षभराची. म्हणजे साडेचार वर्षांची पाच. खाजगी विद्यापीठात विचारा, त्या जादाच्या सहा महिन्यांत फी घेणार की विद्यावेतन देणार.

खवचट_वैद्य | १० सप्टेंबर, दुपारी १२:२०

पत्र बरोबरच होतं. उद्या सगळेच डॉक्टर. पेशंटला कोण कोण आहे ते कळलं पाहिजे.

निवृत्त_सिस्टर | १० सप्टेंबर, दुपारी १२:४५

पेशंटला कळतं हो. वॉर्डात रात्री तीनला बेल वाजवल्यावर कोण येतं, ते त्याला चांगलं कळतं.

पार्ल्याचा_पेशंट | १० सप्टेंबर, संध्याकाळी ८:०२

ताजी खबर, पत्र मागे घेतलं! पुन्हा तपासून बघणार म्हणे. एका दिवसात पत्र आलं आणि गेलं पण, माझा खांदा मात्र तसाच.

मुलुंडचा_मन्या | १० सप्टेंबर, रात्री ८:३०

मूळ मुद्द्यावर येऊया का? डोंबिवली-नवी मुंबई प्रवासाबद्दल कुणीच लिहिलं नाही. डोंबिवलीहून ठाणे, तिथे नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईला जाणारी लोकल. ट्रान्सहार्बरचं दुःख नाही, डोंबिवलीहून सकाळी ठाण्यापर्यंत उभं राहायला मिळणं हेच दुःख. आणि वॉर्डची पोस्टिंग आठला असेल तर गाडी कितीची पकडायची, ते हिशेब करून बघा. पहिलं वर्ष हॉस्टेल धरा, मग ठरवा. फक्त हॉस्टेलचे पैसे त्या फीमाफीत येत नाहीत, ते वेगळे मोजा.

हाजीअली_ओटी | ११ सप्टेंबर, सकाळी ७:४८

उशिरा पोहोचले. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. या लांबलचक धाग्यात आमचं नाव एकदा आलं, तेही यादीत.

फिजिओ माणसाला उभं करतं असं ढोबळ धरा. मग तो शर्टाची बटणं कशी लावेल, डाव्या हाताने पोळी कशी लाटेल, ऑटिझम असलेलं मूल शाळेत बाकावर कसं बसेल, हे आमचं काम. मुंबईत याची मुळं जुनी आहेत. कमला निंबकरांनी १९५० मध्ये केईएममध्ये पहिली शाळा काढली, आशियातली पहिली. मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथे आल्या. आज लहान मुलांच्या थेरपी सेंटरांना ओटी मिळत नाहीत अशी स्थिती आहे. दादर ते बोरिवली कुठेही चौकशी करा. आणि फिजिओच्या मानाने गर्दी कमी, त्यामुळे कमी गुणांवर चांगलं कॉलेज मिळायची शक्यता जास्त.

घणसोलीकर म्हणतात त्यात तथ्य आहे, काही अभिमत विद्यापीठांची रुग्णालयं खरंच भरलेली असतात. पण साडेतीन लाखांत आणि फीमाफीत जो फरक पडतो, तेवढ्यात मुलीचं पदव्युत्तर होऊन जाईल. पैसे घालायचेच तर तेव्हा घाला. तोपर्यंत तिला कळलेलं असेल की न्यूरो करायचंय की बालरोग.

घणसोलीकर | ११ सप्टेंबर, सकाळी ९:१५

हे पटलं. फीमाफीचं मला ठाऊक नव्हतं, आमच्या वेळी मुलगा होता त्यामुळे तसाही उपयोग नव्हता. पण ताई, कॅपमध्ये लांबचं, पेशंट नसलेलं कॉलेज लागलं तर फुकट आहे म्हणून घेऊ नका. तिथे जाऊन मणकाताईंचा बाकावरचा प्रयोग करा.

डोंबिवली_पूर्व | १३ सप्टेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे एकत्र आभार मानते, नावं घ्यायला गेले तर कुणी राहील.

काल आम्ही दोघी ठाण्यातल्या एका संलग्न कॉलेजच्या ओपीडीत बसून आलो. पेशंट भरपूर होते. एका आजींनी लेकीला विद्यार्थिनी समजून कंबर दाखवली, तिनेही गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. खाजगी विद्यापीठातून दोनदा फोन आला, आता म्हणे दोनच जागा उरल्यात. पसंतीक्रम भरलाय. वर पालिकेची तीन, मग ठाणे, आणि हाजीअली_ओटींचं वाचून लेकीने मधे दोन ऑक्युपेशनलची घुसवली आहेत. यजमानांना अजून तो कोर्स काय ते समजावतेय.

आता अडलंय ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. जुना दाखला मार्चमध्येच संपलाय. कल्याण तहसीलला शनिवारी काम होतं का?

लेखनिक | १३ सप्टेंबर, रात्री ११:२०

नाही, सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. 'आपले सरकार'वरून ऑनलाइन अर्ज करा, यजमानांचा फॉर्म १६ आणि रेशनकार्ड स्कॅन करून ठेवा. अर्जाची पोचपावती जपा. प्रवेशाच्या दिवशी दाखला आला नसेल तर चालेल का, ते सोमवारी कॉलेजला फोन करून विचारा. आणि अधिवास प्रमाणपत्र आहे ना?

डोंबिवली_पूर्व | १३ सप्टेंबर, रात्री ११:२४

ते आहे. लॅमिनेट केलंय.

चाळीतला_चार्वाक | १३ सप्टेंबर, रात्री ११:२६

लॅमिनेट केलेलं पडताळणीला चालत नाही म्हणतात काही ठिकाणी. झेरॉक्स आणि मूळ प्रत दोन्ही न्या, आणि खिडकीवरच्या माणसाशी गोड बोला.